वाट द्या, पण लिहून द्या

ठाण्याच्या जुन्या भागात आणि खाडीपलीकडे नेरूळ-सानपाड्यात एक भांडण हल्ली वारंवार कानावर येतं. पुढे रस्त्याला लागून सोसायटी किंवा बंगला, मागे चाळ, गावठाण किंवा दुसरी सोसायटी. मागची माणसं पुढच्यांच्या बागेतून स्टेशनला, शाळेला, मंडईला जातात. कधीपासून, ते कुणालाच धड सांगता येत नाही. मग बागेत पेव्हर ब्लॉक बसतात, किंवा नवी कमिटी निवडून येते, किंवा कुणाची तरी सायकल चोरीला जाते, आणि फाटकाला कुलूप लागतं. पुढचा वाद ठरलेला. "जागा आमची, टॅक्स आम्ही भरतो, मर्जी आमची," असं एकीकडून. "आजोबांपासूनची वाट आहे, बंद करून दाखवा," असं दुसरीकडून. दोन्ही बाजूंचे वकील व्हॉट्सअॅपवरच बसलेले असतात आणि दोघेही आपलीच केस बिघडवत असतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. वाट द्यावी. पण ती लिहून द्यावी: कुठून, किती रुंद, किती वाजेपर्यंत, कुणाच्या खर्चाने, आणि बंद करायची झाली तर किती महिन्यांच्या नोटिशीने. आपल्याकडे उलटा समज आहे, की कागद आला म्हणजे शेजारधर्म संपला. मला दिसतं ते असं, की बंद झालेल्या बहुतेक वाटा कागदामुळे बंद झाल्या नाहीत, तो कधीच न केल्यामुळे बंद झाल्या.

कायद्यापासून सुरुवात करू, कारण या वादात सर्वात जास्त गोंधळ तिथेच आहे. मागच्यांपैकी कुणीतरी हमखास म्हणतं, "बारा वर्षं वापरलं की आपलं होतं." हे बारा वर्षांचं प्रकरण जमिनीवर उलट कब्जा बसवण्याचं, म्हणजे दुसऱ्याची जमीन ताब्यात ठेवून मालकी सांगण्याचं आहे. कुणाच्या बागेतून चालत जाणं म्हणजे बागेचा कब्जा घेणं नव्हे. येण्याजाण्याच्या हक्काचा कायदा वेगळा, १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम. सुविधाधिकार म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीचा ठरावीक वापर करण्याचा हक्क. त्याच्या कलम १५ प्रमाणे वाट शांतपणे, उघडपणे, खंड न पडता आणि हक्क म्हणून २० वर्षं वापरलेली असावी लागते. जमीन सरकारची असेल तर ३० वर्षं. ही वर्षं दावा लावण्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपणारी असावी लागतात, म्हणजे "१९९८ पर्यंत आम्ही जायचो" याला काही किंमत नाही. फाटकाला कुलूप लागल्यावर ते माहीत असून वर्षभर निमूट सोसलं तर खंड पडला असंच धरलं जातं. ग्रुपवर निषेधाचे मेसेज टाकण्यात तेच वर्ष निघून जातं.

आता त्यातला 'हक्क म्हणून' हा भाग नीट पाहा, सगळी गोम तिथे आहे. बंगल्यातले काका व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले. पहिल्यांदा जाताना तुम्ही विचारलंत, "काका, इथनं गेलं तर चालेल ना?" ते म्हणाले, "अहो, जा की, कोण अडवतंय." झालं. तुम्ही परवानगीने गेलात. परवानगीने तीस काय, चाळीस वर्षं गेलात तरी हक्क तयार होत नाही. शेजारचा एक दांडगट मात्र कुणालाही न विचारता, उजळ माथ्याने, जणू रस्ता त्याच्या बापाचाच, असा रोज गेला, तर वीस वर्षांनी कोर्टात उभं राहायला त्याच्याकडे काहीतरी आहे. सभ्य माणसाकडे काही नाही. काका गेले, मुलगा बंगळुरूला, घर विकलं, घेणाऱ्याने भिंत बांधली की "जा की" हे दोन शब्द कुणापुढे सिद्ध करायचे? आणि सिद्ध झाले तरी ते तुमच्याविरुद्धच जातात.

हीच गोष्ट मालकाच्या बाजूने पाहिली की कुलपामागची भीती समजते. सोसायटीचा सेक्रेटरी मुळात दुष्ट नसतो. त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं, "आज जाऊ दिलंत तर उद्या तुमच्याच बागेत हक्क सांगतील, मग रीडेव्हलपमेंट अडकेल." ही भीती पोकळ नाही. चांगुलपणा मुका ठेवला तर त्याचा अर्थ काढायचं काम शेवटी कोर्टाला करावं लागतं, आणि कोर्ट काय अर्थ काढेल याची खात्री सेक्रेटरीला नसते. म्हणून तो चांगुलपणाच बंद करतो. हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. न्यूयॉर्कमध्ये रॉकफेलर सेंटरच्या खासगी रस्त्याला मालक वर्षातून एक दिवस अडथळा लावत आले, केवळ रस्ता खासगी आहे याची नोंद राहावी म्हणून. बाकीचे दिवस लोक खुशाल जातात. इंग्लंडमध्ये १९८० च्या महामार्ग कायद्याखाली जमीनमालक नकाशासह निवेदन देऊन ठेवू शकतो, की लोक इथून जात असले तरी ही वाट सार्वजनिक करण्याचा माझा हेतू नाही. असं निवेदन देणाऱ्याला कुंपण घालण्याची घाई राहत नाही. आपल्या कायद्यातही तेवढीच सोय आहे: वापर लेखी कराराने, ठरावीक मुदतीपुरता किंवा अटींवर दिला असेल, तर तो कलम १५ च्या हिशेबात हक्क म्हणून केलेला वापर धरला जात नाही. सेक्रेटरीला जे कुलूप लावून साधायचं आहे, ते दोन पानांच्या कागदाने साधतं, आणि फाटक उघडं राहतं.

मालकांच्या बाजूचे खरे मुद्दे टाळून चालणार नाही. बाग सांभाळायला माळी लागतो, पाणी लागतं, मेंटेनन्समधून पैसे जातात. सकाळी सहा ते रात्री अकरा अनोळखी माणसं तळमजल्याच्या खिडक्यांसमोरून जाणार, हे तळमजल्यावर राहणाऱ्यालाच कळतं. पाचव्या मजल्यावरून उदार होणं सोपं असतं. पायी चालणाऱ्यांच्या मागून स्कूटर येतात, स्कूटरमागून डिलिव्हरीवाले. मोगऱ्याच्या आळ्यात पाय पडतात, जास्वंदीच्या कळ्या पहाटेच गायब होतात. कुणी शेवाळावरून घसरून पडलं तर बोलणी सोसायटी खाते. हे सगळं खरं आहे. पण यातला कुठला मुद्दा वाट बंद करण्याचा आहे, आणि कुठला वाटेला अट घालण्याचा? स्कूटर नको तर दोन खांब रोवा, माणूस जाईल, हँडल जाणार नाही. रात्रीची भीती असेल तर दहाला फाटक बंद करा. तळमजल्याची खिडकी अडचणीत येत असेल तर वाट बागेच्या मधून काढून कंपाउंडच्या भिंतीलगत न्या. जिथे हक्क सिद्ध झालेला असतो तिथेसुद्धा तो जमीनमालकाला कमीत कमी जाच होईल अशा रीतीने वापरायचा, आणि वाट एका ठरावीक पट्ट्यापुरती मर्यादित करून मागायचा मालकाला अधिकार आहे, हे त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम २२ सांगतं. हक्क नसताना, नुसत्या बोलण्यातून मिळणाऱ्या वाटेला तर ही मर्यादा घालणं आणखी सोपं. फक्त वाट हलवताना मधलं आंब्याचं झाड परस्पर तोडू नका. शहरात झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि दोन शेजाऱ्यांच्या भांडणात महापालिकेचा उद्यान विभाग तिसरा पक्ष होऊन येणं कुणालाच परवडत नाही.

एक अट मात्र मला मान्य नाही. ती बहुधा लिहिली जात नाही, वॉचमनला तोंडी सांगितली जाते. मागच्या टॉवरमधले साहेब आले की फाटक उघडायचं, चाळीतून धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला मात्र वळसा घालून पाठवायचं. चोरी झाली की पहिला संशय तिच्यावर, वाट बंद झाली की पहिली पायपीट तिची. अट वागण्यावर घाला, माणूस बघून घालू नका. कागदाचा इथेही उपयोग असा, की जे उघडपणे लिहायची लाज वाटते ते मिटिंगमध्ये कुणी मंजुरीला ठेवत नाही.

आपल्याकडे या विषयाचा अनुभव नाही असंही नाही. ठाण्यातल्या निम्म्या घरांचं मूळ कोकणात सापडेल. कोकणातल्या वाडीत पाखाडी, म्हणजे दगडी पायवाट, कुणाच्या खळ्याच्या कडेने, कुणाच्या माडांखालून, कुणाच्या विहिरीजवळून जाते. गडगा, म्हणजे दगडी कुंपण, असतो, पण गडग्याला बेडं असतं. आडवी लाकडं सरकवून माणूस आत येतो, लाकडं परत लावतो, गुरं बाहेर राहतात. बाग राखणं आणि वाट देणं या दोन्ही गोष्टी तिथे शतकानुशतकं एकाच गडग्यात बसल्या. मात्र हे सांगताना गळा काढायचं कारण नाही. ती व्यवस्था चालली कारण सगळे एकमेकांना तीन पिढ्या ओळखत होते आणि जमीन विकून जाणारा क्वचित होता. शिवाय त्या वाडीतही सगळ्यांना सगळ्या वाटा खुल्या नव्हत्या, हे जाणीवपूर्वक विसरून पाखाडीचं कौतुक करण्यात अर्थ नाही. नौपाड्यातल्या इमारतीत निम्मे फ्लॅट भाड्याने दिलेले असतात आणि पाच वर्षांनी कमिटी बदलते. ओळखीचं काम इथे कागदालाच करावं लागणार.

आता मागच्यांचा आक्षेप, जो मला या सगळ्या वादात सर्वात वजनदार वाटतो. ते म्हणतील, "तुम्ही आम्हाला परवानगीच्या कागदावर सही करायला सांगताय, म्हणजे वीस वर्षांत जो काही हक्क तयार झाला असेल तो आमच्याच हाताने सोडायला सांगताय. आज दिली, उद्या काढून घेतील. हे दान झालं, हक्क कुठे राहिला?" बरोबर आहे. नुसती परवानगी म्हणजे कायद्याच्या भाषेत लायसन्स, आणि लायसन्स बहुतेक वेळा मागे घेता येतं. त्याहून वाईट म्हणजे कलम ५९ प्रमाणे मालकाने जमीन विकली की घेणाऱ्यावर ते बंधनकारक राहत नाही. ज्याच्या घराला दुसरी वाटच नाही त्याने असल्या कागदावर समाधान मानू नये, हे मी स्पष्टच म्हणतो.

म्हणूनच बोलणी सुरू करताना पहिला प्रश्न हा, की ही वाट सोयीची आहे की गरजेची. या दोन गोष्टी एकच समजून लोक भांडतात. एका मालकाच्या जमिनीचे तुकडे होऊन मागच्या तुकड्याला रस्ताच उरला नसेल, तर कलम १३ गरजेचा सुविधाधिकार देतं. पण तिथे गरज म्हणजे गरजच. "रिक्षास्टँडला दहा मिनिटं जास्त लागतात" ही गरज नाही, मग वळशाचा रस्ता पावसाळ्यात कितीही चिखलाचा असो. आणि नवा रस्ता झाला की गरजेचा हक्क संपतो, हेही कलम ४१ मध्ये लिहिलेलं आहे. तेव्हा गरज असेल तर परवानगी मागू नका. सुविधाधिकार देणारा दस्त करा आणि तो नोंदवा. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे शंभर रुपये किंवा त्याहून जास्त किमतीचा स्थावर मालमत्तेतला हक्क निर्माण करणारा दस्त नोंदवावाच लागतो, आणि बागेतून कायमची वाट शंभर रुपयांत कुठेही मिळत नाही. असा हक्क जमिनीबरोबर जातो, मालक बदलला म्हणून बुडत नाही. सोय असेल तर परवानगी पुरे, पण तिला किमान सहा महिन्यांची नोटीस आणि भांडण झाल्यास दोघांना मान्य असलेला मध्यस्थ जोडून घ्या. सोयीला गरजेचे कपडे घालून हक्क सांगायला गेलं की समोरचा गरजेवरही अविश्वास दाखवतो. त्याचा फटका खरोखर अडलेल्याला बसतो.

परंपरेच्या आधारावर सगळं जिंकता येईल, असं मानणाऱ्यांनी महाडचा खटला आठवावा. त्या लढ्याची उंची बागेतल्या फाटकाला लावायची नाही, मुद्दा फक्त पुराव्याचा आहे. चवदार तळं नगरपालिकेने १९२४ मध्ये सर्वांना खुलं केलं होतं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर आणि हजारो लोक तिथे पाणी प्यायले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात विरोधक कोर्टात गेले आणि मनाई हुकूम मिळवला. त्यांचा आधार काय होता? अनादी काळापासून चालत आलेली वहिवाट. "आजोबांपासून असंच आहे" हे वाक्य त्या खटल्यात दार बंद ठेवणाऱ्यांचं होतं. मुंबई उच्च न्यायालयाने १९३७ मध्ये ती वहिवाट सिद्ध झाली नाही असं म्हटलं. म्हणजे परंपरा हे हत्यार ज्याच्या हाती पडेल त्याचं असतं, ती आपोआप दुबळ्याच्या बाजूला उभी राहत नाही. आणि तारखा पाहा: १९२७ ते १९३७. इतका स्वच्छ न्याय ज्यांच्या बाजूला होता त्यांनाही दहा वर्षं लागली. तुमच्या मुलाची शाळा त्याआधी संपलेली असेल.

"महापालिकेने रस्ता करावा, शेजाऱ्याशी कशाला घासाघीस?" असंही विचारलं जातं. करावाच. विकास आराखड्यात रस्ता दाखवलेला असेल तर त्यासाठी भांडलंच पाहिजे, आणि ते भांडण शेजाऱ्याशी नसून महापालिकेशी आहे. पण दोन इमारतींच्या मधल्या चार फुटांच्या पायवाटेसाठी भूसंपादन होणार नाही, हे आपण सगळे जाणतो. नवी मुंबईत तर आणखी एक पेच आहे. सिडकोने भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले, म्हणून 'आमची जागा' म्हणणाराही बहुतेक वेळा काटेकोर अर्थाने पट्टेदारच. पट्टेदार स्वतःच्या मुदतीपुरताच आणि पट्ट्याच्या अटींत बसेल तेवढाच हक्क दुसऱ्याला देऊ शकतो. शिरवण्यात किंवा सारसोळ्यात गावठाण आणि सेक्टर यांच्यामधली भिंत जिथे वादाची आहे, तिथे दोन्ही बाजूंनी आधी आपापले जमिनीचे कागद आणि नकाशे काढून वाचले तर अर्धा आवाज आपोआप खाली येईल. नियोजनातून वाटेचा प्रश्न सोडवता येतो याचं उदाहरणही याच शहरात आहे. बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये चार्ल्स कोरिया यांनी सात-सात घरं सुमारे आठ मीटरच्या एका चौकाभोवती मांडली, आणि असे तीन गट मोठ्या चौकाला जोडले. घराची जागा घराची, चौक सगळ्यांचा, आणि चालणारा माणूस चौकातून जातो. कुणाच्या खासगी बागेवर वाटेचा भार येत नाही, कारण ती कुठून जाणार हे आधीच आखलेलं होतं. आपल्या बहुतेक सेक्टरांत आणि ठाण्याच्या जुन्या प्लॉटांवर हे कुणी आखलं नाही. ते काम आता रहिवाशांच्या अंगावर आलंय, एवढंच.

कागदाने मनं दुखावतात म्हणणाऱ्यांना एकच विचारतो: तुमच्या कपाटात लिव्ह अँड लायसन्सचा करार आहे ना? त्यातलं लायसन्स याच १८८२ च्या कायद्याच्या कलम ५२ मधलं. अकरा महिन्यांसाठी आख्खं घर देताना अनामत, नोटीस, भिंतीला खिळे ठोकायचे की नाही, सगळं लिहून घेता, नोंदवता, आणि तोच भाडेकरू दिवाळीला फराळाचं ताट घेऊन येतो. मग चार फूट वाटेच्या कागदाने शेजारी कसा दुरावेल? दुरावतो तो कागद ज्या सुरात पुढे केला जातो त्याने. वकिलाची नोटीस आधी आणि चहा नंतर, हा क्रम चुकीचा. मागच्यांनीही रिकाम्या हाताने येऊ नये. वाटेवरचा दिवा, झाडलोट, पावसाळ्याआधी फरशीचं शेवाळ घासणं, यातला वाटा उचलायची तयारी दाखवावी. माणशी पास काढायची कल्पना मात्र कुणी सुचवली तर ती सरळ नाकारावी, कारण पैसे मोजणारा उद्या सेवेत कसूर झाल्याची तक्रार घेऊन येणार आणि वाटेचं दुकान होणार.

हे सगळं करायची वेळ आत्ताची आहे. नौपाडा, पाचपाखाडी, चरईतल्या जुन्या इमारती एकामागून एक पुनर्विकासाला जातायत. सध्या जी वाट एका सेक्रेटरीच्या शब्दावर चालू आहे, ती नव्या नकाशात नसेल, कारण विकासकाच्या आर्किटेक्टला ती दिसलेलीच नसते. चेअरमननी जिन्यात दिलेला होकार सोसायटीला बांधत नाही. विषय सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर यायला हवा, ठराव इतिवृत्तात लिहिला जायला हवा आणि तोच मजकूर विकासकाशी होणाऱ्या करारात उतरायला हवा. उंच इमारतीभोवती अग्निशमनाच्या गाडीसाठी सहा मीटर मोकळी जागा ठेवावीच लागते. पायी चालणारा माणूस त्या जागेत अडथळा नसतो, तेव्हा भिंतीलगतची चार फूट वाट त्यातच आखता येते. नकाशा मंजुरीला जायच्या आधी त्यासाठी एक रेघ पुरते. पोडियम आणि पार्किंगचा रॅम्प उभा राहिल्यावर त्याच रेघेसाठी सुधारित मंजुरी, विकासकाचा नकार आणि सभासदांचे नव्याने मिळवायचे होकार, एवढं सगळं लागेल. ज्या सोसायट्यांच्या मागे चाळ किंवा गावठाण आहे त्यांनी येत्या वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, आणि मागच्या दोन माणसांना, मत देण्यासाठी नव्हे, म्हणणं मांडण्यासाठी, त्या सभेला बोलवावं.